मामंजींची पेटी संग्रहालयाला देताना

इंग्लंडमध्ये साठ वर्षे काढलेल्या माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, गिरणीकाळातील वस्तू ब्रॅडफर्डच्या औद्योगिक संग्रहालयाकडे सोपवण्याचे काम आम्ही जून २०२४ मध्ये हाती घेतले आणि ते सप्टेंबर २०२५ मध्ये पुरे झाले. या काळात कोणती कागदपत्रे लागली, कुठे थांबावे लागले, कशाला पैसे पडले आणि कोणत्या गोष्टी आधीपासून करून ठेवता येतात, हे मी इथे क्रमाने लिहीत आहे. यॉर्कशर, लँकशर आणि लेस्टरच्या बाजूला राहणाऱ्या अनेक भारतीय घरांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असते आणि ती उघडण्याची वेळ बहुधा माणूस गेल्यानंतर, घर रिकामे करण्याच्या घाईत येते.

मामंजी माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून वस्त्रनिर्मितीची पदविका घेऊन परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात (साचा म्हणजे यंत्रमाग), तीन-चार वर्षे होते. ब्रिटनने १९६२ मध्ये राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि त्यानंतर येणाऱ्याला कामाचे व्हाउचर लागू लागले. कारागिरी किंवा तांत्रिक शिक्षण असलेल्यांसाठी ‘ब’ वर्गाचे व्हाउचर होते. ते मिळवून मामंजी १९६३ च्या हिवाळ्यात ब्रॅडफर्डला आले. पदविका हातात असूनही पहिली अनेक वर्षे त्यांना लोकर विंचरण्याच्या खात्यात रात्रपाळीच करावी लागली. नवी महागडी यंत्रे चोवीस तास चालली तरच परवडत होती, स्त्रियांच्या रात्रपाळीवर कायद्याची बंधने होती आणि स्थानिक पुरुष त्या पाळीला यायला तयार नव्हते. त्यामुळे पंजाब, मीरपूर आणि गुजरातेतून आलेले लोक, आणि त्यांच्यात मामंजींसारखा एखादा मराठी माणूस, रात्रीच्या त्या खात्यात भरती होत गेले. पुढे त्यांना सूत तपासणीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि गिरणी बंद होईपर्यंत ते तिथेच राहिले.

एप्रिल २०२४ मध्ये ते गेले. सासूबाई आमच्याकडे लीड्सला राहायला आल्या आणि ब्रॅडफर्डचे घर विकायचे ठरले. माळ्यावरच्या पेटीत हजेरीची कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनचे कार्ड, दोन धोटे (मागावर आडवा धागा नेणारी लाकडी साधने), सुताच्या कांड्या, लोकरीच्या कापडाचे नमुने चिकटवलेल्या वह्या, एक जाड ओव्हरकोट, तीन पुडांचा ॲल्युमिनियमचा डबा, परळच्या गिरणीचा पास, गावाकडून आलेली पत्रे आणि एक घडीचे पितळी भिंग असा ऐवज निघाला. या भिंगाला तिथले लोक पिक-ग्लास म्हणतात. कापडावर ठेवून एका इंचात किती धागे आहेत ते त्यातून मोजतात. सामान उचलून नेण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांनी पेटीसकट सगळ्याचे ४० पौंड देऊ केले. मला त्या किमतीचा राग आला नाही, पण त्यांनी नमुन्यांच्या वह्या बाजूला काढून ‘कोट आणि कागद टाकून द्या’ असे सांगितले, तेव्हा या वस्तू एकत्र राहायला हव्यात एवढे मात्र आमच्या मनाशी पक्के झाले.

संग्रहालयाशी बोलण्याआधी आम्ही जूनमधल्या एका शनिवारी साधे प्रेक्षक म्हणून तिथे जाऊन आलो. प्रवेश विनामूल्य आहे. ब्रॅडफर्डच्या ईशान्येला एकल्सहिल भागात मूरसाइड मिल्स नावाची ही इमारत आहे. १८७५ च्या सुमारास ती वूस्टेडचे, म्हणजे विंचरलेल्या लांब लोकरीचे, सूत कातण्यासाठी बांधली गेली. १९७० मध्ये ब्रॅडफर्ड कौन्सिलने ती विकत घेतली आणि १९७४ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. आवारात गिरणीच्या व्यवस्थापकाचे घर आहे आणि दुसरीकडून हलवून आणून उभारलेली, पाठीला पाठ लावून बांधलेली कामगारांची छोटी घरेही आहेत. आत विंचरणीपासून विणकामापर्यंतची यंत्रे क्रमाने मांडलेली असून त्यांतली काही ठरलेल्या दिवशी चालवून दाखवतात. ज्याने गिरणी फक्त बाहेरून पाहिली आहे, त्याने त्या दिवशीच जावे, कारण एकच साचा सुरू झाला तरी शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली चालत असतील तर काय होत असेल याचा अंदाज तेवढ्यानेच येतो.

सासूबाई व्यवस्थापकाचे घर आणि कामगारांची घरे पाहताना गप्प होत्या. यंत्रांच्या दालनात मात्र त्यांनी मला थांबवून सांगितले की, मामंजी घरी आले की त्यांच्या अंगाला याहून उग्र वास यायचा, लोकरीच्या चरबीचा, आणि तो पांघरुणातही उतरायचा. हे वाक्य मी गाडीत बसल्यावर फोनवर टिपून ठेवले. पुढे ते फार उपयोगी पडले.

घरी आल्यावर आम्ही संग्रहालयाच्या संग्रह विभागाला ईमेल पाठवला. इथे पहिली व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. पेटी घेऊन थेट स्वागतकक्षात जाऊन उभे राहू नये. तिथल्या कर्मचाऱ्यांना वस्तू ठेवून घेण्याचा अधिकार नसतो, आणि पावतीशिवाय ठेवलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. ईमेलमध्ये प्रत्येक वस्तूचे साध्या पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले छायाचित्र, शेजारी मोजपट्टी, आणि दोन ओळींची माहिती एवढे पुरते. सुमारे तीन आठवड्यांनी सविस्तर उत्तर आले. त्यात वस्तूंच्या किमतीबद्दल अक्षरही नव्हते. संग्रहपाल वस्तूंचे मूल्यांकन करून देत नाहीत आणि तशी अपेक्षा ठेवूही नये. त्यांचे प्रश्न वेगळे होते: ही वस्तू कोणी वापरली, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, साधारण कोणत्या वर्षी, आणि आज तिची कायदेशीर मालकी कोणाकडे आहे.

उत्तरासोबत त्यांच्या संग्रहविषयक धोरणाचा दुवाही होता. ब्रिटनमधल्या मान्यताप्राप्त संग्रहालयांना असे धोरण लेखी ठेवावे लागते आणि ते कोणालाही वाचता येते. ते दस्तऐवज रुक्ष असतात, पण देणगी देऊ पाहणाऱ्याने ते पूर्ण वाचावे असे माझे मत आहे, कारण संग्रहालय काय घेणार आणि काय नाकारणार याचा बराचसा उलगडा त्यातच होतो. स्थानिक संग्रहालयाचा पहिला निकष असतो तो त्या परिसराशी संबंधाचा. वस्तू जुनी आहे, दुर्मीळ आहे किंवा आपल्याला प्रिय आहे, ही कारणे त्यानंतर येतात. दुसरा निकष पुनरावृत्तीचा: संग्रहात आधीच असलेल्या वस्तूसारखी आणखी एक ठेवायची, तर तिच्यासोबत काहीतरी नवे आले पाहिजे.

मालकीचा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटला होता, पण सर्वाधिक वेळ त्यातच गेला. मामंजींच्या मृत्युपत्रात सगळे सासूबाईंना दिलेले होते आणि निष्पादक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून माझ्या नवऱ्याचे नाव होते. पेटीचा वेगळा उल्लेख अर्थातच नव्हता. घर विकायचे असल्याने प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, घ्यावेच लागणार होते, म्हणून त्याचा अर्ज जुलैमध्ये केला. अर्जाची फी ३०० पौंड होती आणि दाखल्याच्या प्रत्येक जादा प्रतीला दीड पौंड पडत होता. आम्ही सहा प्रती घेतल्या आणि त्या सगळ्या बँका, विमा आणि इतर कामांत खर्ची पडल्या, तेव्हा प्रती मागवताना हात आखडू नये. दाखला ऑक्टोबरमध्ये आला. तोपर्यंत संग्रहालयाने ‘मालकीचा पुरावा हाती आल्यावर पुढची तारीख ठरवू’ असे कळवून ठेवले होते, आणि ते योग्यच होते.

कायद्याने आवश्यक नसतानाही आम्ही ठाण्याच्या माझ्या नणंदेची लेखी संमती घेतली. संग्रहालयाला दिलेली वस्तू परत मागता येत नाही. भावंडांपैकी एकाला हे पाच वर्षांनी कळावे आणि त्यावरून घरात अबोला यावा, हे आम्हाला नको होते. तिने संमती दिली, पण दोन गोष्टींबद्दल ती ठाम होती. परळच्या गिरणीचा पास इंग्लंडच्या संग्रहालयात का जावा, हा तिचा प्रश्न होता. आणि मामंजींचा स्टुडिओतला फोटो आईच्या हयातीत घराबाहेर जाऊ नये, असे तिने स्पष्ट लिहिले होते. दोन्ही मुद्द्यांत तथ्य होते आणि पुढे दोन्हींचा निकाल जवळपास तिच्या म्हणण्याप्रमाणेच लागला.

प्रोबेटची वाट पाहण्याचे ते महिने आमच्या एकूण कामातले सर्वांत मोलाचे ठरले. दर रविवारी दुपारी सासूबाईंच्या पुढ्यात एकच वस्तू ठेवायची आणि तिच्याबद्दल त्या जे सांगतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करायचे, असा क्रम आम्ही लावला. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असे म्हटले की त्या ‘आमचं काय, सगळ्यांसारखंच’ म्हणून विषय संपवत. पण डबा हातात दिला की त्यांना सगळ्या रात्रपाळ्या आठवत. वरच्या पुडात पोळ्या, मधल्यात बटाट्याची भाजी आणि खालच्यात भात. तो डबा मामंजी खात्यातल्या वाफेच्या नळावर गरम करत आणि लसणीच्या वासावरून सुरुवातीला खात्यात बोलाचाली होत. मग एका आयरिश सहकाऱ्याने भाजीची चव घेतली आणि पुढे सासूबाईंना दर शुक्रवारी एक पोळी जास्तीची करावी लागू लागली. पगाराच्या चिठ्ठ्या हाताळताना त्यांना आठवले ते फेब्रुवारी १९७१ मधले चलनाचे दशमान पद्धतीत रूपांतर. त्याआधीच्या चिठ्ठ्यांवर पौंड, शिलिंग आणि पेन्स आहेत. आणे-पै सोडून नव्या पैशांची सवय भारतात आधीच करून घेतलेल्या सासूबाईंनी तेव्हा शेजारणींना हिशेब समजावून दिला होता.

पितळी भिंगाची हकिकत मला माहीतच नव्हती. ते मामंजींनी परळच्या गिरणीत असताना घेतले होते आणि ब्रॅडफर्डला येताना कोटाच्या खिशात ठेवून आणले होते. खात्यात रात्रपाळीला कोणी त्यांच्या शिक्षणाची चौकशी केली नव्हती. एकदा कापडातल्या धाग्यांच्या संख्येवरून वाद झाला, तेव्हा त्यांनी खिशातून हे भिंग काढून धागे मोजून दाखवले आणि त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची प्रयोगशाळेत बदली झाली. सासूबाईंच्या सांगण्याला कागदोपत्री दुजोरा हवा म्हणून आम्ही हजेरीची कार्डे तारखेप्रमाणे लावली, तर खाते बदलल्याची नोंद खरोखर १९७० च्या शरद ऋतूत सापडली.

या माहितीची प्रत्येक वस्तूसाठी एक पानाची टीप आम्ही इंग्रजीत तयार केली. सांगणारे कोण, कधी सांगितले, त्यातले त्यांनी स्वतः पाहिलेले किती आणि ऐकलेले किती, हे वेगवेगळे लिहिले. कागदांवर आणि छायाचित्रांच्या पाठीवर काहीही लिहू नये. लिहिणे भागच असेल तर मऊ पेन्सिलीने, एका कोपऱ्यात, अगदी हलके लिहावे. चिकटपट्टी, स्टेपलची पिन आणि रबर या तीन गोष्टींनी जुन्या कागदाचे जेवढे नुकसान होते तेवढे वाळवीनेही होत नसेल. प्लास्टिकच्या साध्या पिशव्यांऐवजी आम्लविरहित कागद आणि खोकी घ्यावीत, असा सल्ला मिळाला होता. त्यांचा खर्च २८ पौंड आला आणि प्रोबेट सोडल्यास आमचा मोठा म्हणावा असा खर्च तेवढाच.

वस्तू नेऊन देण्यासाठी नोव्हेंबरमधल्या एका सकाळची वेळ मिळाली. त्या दिवशी गाडी नव्हती म्हणून आम्ही बसने गेलो. तेव्हा इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी प्रवासाला २ पौंडांची मर्यादा होती, त्यामुळे लांबचा रस्ताही स्वस्तात झाला. एका लांब टेबलावर वस्तू एकेक करून मांडल्या गेल्या, मोजल्या गेल्या आणि प्रवेशाचा फॉर्म भरला गेला. ब्रिटनमधली संग्रहालये ‘स्पेक्ट्रम’ नावाची एक सामाईक कार्यपद्धती वापरतात. तिच्यात वस्तू दारातून आत आल्यापासून तिची प्रत्येक हालचाल कशी नोंदवायची हे ठरवून दिलेले आहे आणि हा फॉर्म त्याची पहिली पायरी असतो. त्यावर सही केली म्हणजे देणगी झाली असे नव्हे. वस्तू विचारासाठी ठेवून घेतली, इतकाच त्याचा अर्थ. आपली प्रत जपून ठेवावी.

ओव्हरकोट आणि नमुन्यांच्या वह्या तिथेच वेगळ्या काढून पॉलिथिनमध्ये सीलबंद करण्यात आल्या. लोकरीत कसर आणि गालिच्याचे किडे घर करतात आणि एका कोटामुळे सबंध भांडार धोक्यात येऊ शकते. म्हणून असे कापड आधी उणे ३० अंश सेल्सिअसला निदान तीन दिवस गोठवतात. तेवढे थंड यंत्र नसेल तर उणे २० ला दोन आठवडे ठेवतात. कोट नेण्यापूर्वी तो ड्रायक्लीनिंगला टाकण्याचा सासूबाईंचा आग्रह होता आणि ‘लोकांच्या हाती मळका कपडा कसा द्यायचा’ हे त्यांचे म्हणणे आपल्याकडच्या कोणालाही पटेल असेच होते. मात्र आम्हाला आधीच लेखी कळवलेले होते की काहीही धुऊ, पुसू किंवा चकाकवू नये. बाहीवरचा तेलाचा डाग हा त्या कोटाच्या हकिकतीचा भाग असतो, हे त्या दिवशी त्यांना तिथल्या बाईंनीच समजावले आणि मग त्या डागाबद्दल दोघींचे बराच वेळ बोलणे चालले.

यानंतरचा हिवाळा वाट पाहण्यात गेला. देणगीबद्दलचा निर्णय एकटा संग्रहपाल घेत नाही. प्रस्ताव समितीपुढे जातो आणि समितीची बैठक अधूनमधून होते. ब्रॅडफर्डला २०२५ साठी ‘यूके सिटी ऑफ कल्चर’चा मान मिळालेला असल्याने सबंध शहरच त्या वर्षी कार्यक्रमांच्या गडबडीत होते. आम्ही जानेवारीत एकदाच विचारणा केली. पाठपुरावा जरूर करावा, पण या कामात आठवड्याला स्मरणपत्र पाठवून काही साधत नाही.

मार्च २०२५ मध्ये निर्णयाचे पत्र आले. त्यात स्वीकारलेल्या आणि न स्वीकारलेल्या वस्तूंची कारणांसह यादी होती. धोटे आणि कांड्या त्यांनी नाकारल्या, कारण तशा त्यांच्याकडे भरपूर आहेत आणि मामंजींनी विणकाम ब्रॅडफर्डमध्ये केलेलेच नव्हते. गिरणी बंद होताना सहकाऱ्यांनी दिलेली ती आठवण होती. हजेरीची कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनचे कार्ड, नमुन्यांच्या दोन वह्या, ओव्हरकोट, पितळी भिंग आणि तो डबा स्वीकारला गेला. सासूबाईंना हे गंमतीचे वाटले. दिसायला सर्वांत देखणा तो शिसवी धोटा. तो परत यावा आणि पोचे आलेला डबा मात्र ठेवून घ्यावा, हे त्यांना आधी पटेना. पत्रात कारण दिले होते: रात्रपाळीच्या कामगारांच्या रोजच्या जेवणाशी संबंधित वस्तू संग्रहात फार कमी आहेत, आणि या डब्यासोबत तो वापरणाऱ्याच्या घरातून आलेली प्रत्यक्ष हकिकत आहे. रविवारच्या त्या टिपा नसत्या तर डबाही परत आला असता असे मला वाटते.

परळच्या गिरणीचा पास न स्वीकारण्याचे कारण स्थानिक संबंध नसणे हेच होते. त्याची चांगल्या प्रतीची डिजिटल प्रतिमा मात्र भिंगाच्या नोंदीसोबत ठेवण्यास त्यांनी घेतली, म्हणजे भिंग कुठून आले हे कळावे. मूळ पास मुंबईतच देण्याचा प्रयत्न करावा, असे त्यांनी सुचवले. मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे, हे आम्ही त्यांना सांगितले.

स्वीकारलेल्या वस्तूंसाठी मालकी हस्तांतराचा फॉर्म आला. तो दोन पानांचा होता, पण आम्ही त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. त्यातल्या तीन कलमांकडे लक्ष द्यावे. पहिले असे की देणगी बिनशर्त असते. ‘कायम प्रदर्शनात ठेवावी’ किंवा ‘आमच्या नावाची पाटी लावावी’ अशी अट घालता येत नाही. बहुतेक संग्रहालयांत संग्रहाचा फार थोडा भाग एका वेळी प्रदर्शनात असतो आणि बाकीचा भांडारात. दुसरे कलम भविष्यात वस्तू संग्रहातून काढण्याविषयी होते. तशी वेळ आली तर धोरणानुसार आधी दुसऱ्या संग्रहालयांना विचारले जाते. घरच्यांनाही कळवावे, अशी नोंद फाइलमध्ये करण्याची आम्ही विनंती केली आणि ती मान्य झाली, मात्र ते बंधन नव्हे हेही स्पष्ट करण्यात आले. नवऱ्याला हे कलम खटकले होते. मला ते प्रामाणिक वाटले, कारण शंभर वर्षांचे वचन देणाऱ्या संस्थेपेक्षा आपल्या मर्यादा सहीच्या आधी सांगणारी संस्था बरी.

तिसरे कलम मजकुराच्या हक्काचे. कागदाची मालकी दिली म्हणून त्यावरच्या मजकुराचा कॉपीराइट आपोआप जात नाही. नमुन्यांच्या वह्यांत मामंजींनी हाताने लिहिलेल्या टिपणांचा हक्क वारसांकडे राहतो, तेव्हा ती छापण्याची आणि संकेतस्थळावर दाखवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती आम्ही दिली. गावाकडून आलेली पत्रे देण्याचा विचार मात्र आम्ही याच टप्प्यावर सोडला. त्यांत हयात असलेल्या नातेवाइकांची आजारपणे, जमिनीचे वाद आणि उसनवारीचे आकडे होते आणि त्या लोकांना विचारल्याशिवाय ते कोणाच्याही हाती जाणे बरे नव्हते. त्याच कारणाने हजेरीच्या कार्डांतली इतर कामगारांची नावे आणि पत्ते संशोधकांना दाखवताना झाकले जातील, असे आम्हाला सांगण्यात आले. सासूबाईंच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांची स्वतःची संमती लागली. फॉर्म वाचून, मराठीत समजावून घेऊन, लसणीवरून झालेल्या भांडणाचा भाग राहू द्यावा आणि एका शेजाऱ्याबद्दलचा भाग काढावा, असे त्यांनी ठरवले आणि मग सही केली.

राहता राहिला स्टुडिओतला फोटो. मामंजींनी १९६४ मध्ये तो ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम लेनवरच्या बेल व्यू स्टुडिओत काढून गावी पाठवला होता आणि आजेसासूबाई गेल्यावर तो परत आमच्याकडे आला. १९२६ मध्ये सुरू झालेला हा स्टुडिओ १९७५ मध्ये बंद झाला. तिथले छायाचित्रकार टोनी वॉकर अखेरपर्यंत काचेच्या प्लेटांवर, दिवसाच्या उजेडात फोटो काढत. पन्नास-साठच्या दशकांत नव्याने आलेले स्थलांतरित तिथे सूट घालून, मनगटावरचे घड्याळ आणि खिशातले पेन दिसेल अशा बेताने उभे राहत आणि आपले ठीक चालले आहे हे घरच्यांना कळवत. स्टुडिओ बंद पडल्यावर विस्मृतीत गेलेल्या निगेटिव्हांपैकी सुमारे १७ हजार वाचल्या आणि त्या आता ब्रॅडफर्डच्या कौन्सिलच्या संग्रहालयांच्या ताब्यात आहेत. मामंजींच्या फोटोतही पेन आहे. सासूबाई म्हणाल्या की ते पेन स्टुडिओचे होते की त्यांचे, हे त्यांनी कधीच सांगितले नाही.

आम्ही मूळ प्रत न देता मे महिन्यात तिचे स्कॅन करू दिले. पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, मामंजींनी लिहिलेली तारीख आणि फोटो पोहोचल्यावर गावाकडून आलेल्या उत्तरातली फोटोबद्दलची तेवढी एक ओळ, हेही त्यासोबत घेतले गेले. ज्यांच्या घरी असा शिक्का असलेला फोटो असेल त्यांनी तो जरूर कळवावा, कारण त्यातल्या असंख्य चेहऱ्यांना अजून नाव नाही. निगेटिव्ह सापडेल की नाही हे सांगता येत नाही. सापडली तर तिच्यावर मामंजींचे नाव लागेल, आणि मूळ फोटो तोवर सासूबाईंच्या उशाशी, नणंदेच्या अटीप्रमाणे, राहील.

नाकारलेल्या वस्तू आम्ही जूनमध्ये परत आणल्या. परत नेतानाही सही करावी लागते आणि कोणती वस्तू कोणत्या तारखेला बाहेर गेली याची नोंद होते. स्वीकारलेल्या वस्तूंचे क्रमांक कळवणारे पत्र सप्टेंबरमध्ये आले. हे क्रमांक घरच्या कागदपत्रांत ठेवावेत. वस्तू भांडारात असली तरी क्रमांक सांगून, आधी वेळ ठरवून ती पाहता येते, आणि नातवंडांना काही वर्षांनी शोधायची झाली तर केवळ आडनावावरून शोधत बसावे लागत नाही.

धोटे आता आमच्याकडे आहेत. परळच्या गिरणीचा पास दिवाळीला नणंद आली तेव्हा तिच्याबरोबर ठाण्याला गेला. तो मुंबईत कोणाकडे सोपवायचा हे ठरण्याआधीच तिने त्याच्यासोबत ठेवायची टीप लिहायला घेतली आहे. मामंजींबरोबर साचेखात्यात काम केलेले एक काका तिने डोंबिवलीत शोधून काढले आहेत; ते नव्वदीच्या घरात असल्यामुळे पासाचा मुहूर्त न पाहता ती येत्या रविवारीच फोन घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, आणि जाताना पास हातात ठेवूनच प्रश्न विचार, असे सासूबाईंनी तिला दोनदा बजावले आहे.